झाकली मूठ : जुन्या सीलबंद कार्डपुड्यांची खरेदी आणि पुराव्याचा प्रश्न

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण मराठीत बहुधा अब्रूच्या संदर्भात योजिली जाते. मूठ उघडली की तीत काही नव्हते हे चारचौघांस कळते, तेव्हा ती झाकलेलीच बरी, असा तिचा व्यवहारातील आशय. अमेरिका व कॅनडा या देशांत मात्र गेल्या काही दशकांत असा एक बाजार उभा राहिला आहे, की जेथे ही म्हण अक्षरशः लागू पडते. खेळाडूंची अथवा काल्पनिक प्राण्यांची चित्रे छापलेली कार्डे ज्या कागदी पुड्यांतून मुलांना विकली जात, त्या पुड्या तीसचाळीस वर्षे न उघडता राहिल्या असतील तर संग्राहक त्यांना मूळ किमतीच्या हजारोपट किंमत देतात. आणि ही किंमत ते आतील कार्डे पाहून नव्हे, तर ती पाहता येत नाहीत म्हणून देतात. पुडी उघडली की हा व्यवहार संपतो. मग उरतात ती दहाबारा कार्डे, आणि त्यांपैकी बहुतेकांना फारसे मोल नसते.

या बाजाराचा विचार हौस म्हणून करता येईल, गुंतवणूक म्हणूनही करता येईल. येथे तो एका निराळ्या दृष्टीने करावयाचा आहे. सीलबंद पुडी विकत घेणारा वस्तुतः एक विधान विकत घेत असतो : 'ही पुडी कधीही उघडली गेलेली नाही.' हे विधान नकारात्मक आहे, भूतकाळाविषयी आहे, आणि ते निर्णायकपणे तपासावयाचे तर वस्तूच नष्ट करावी लागते. अशा विधानाला पुरावा कोणता व तो किती पुरतो, हा प्रश्न पाठचिकित्सा अथवा कोरीव लेखांचा अभ्यास करणाऱ्यांना परका वाटू नये.

प्रथम वस्तूची ओळख. सिगारेटच्या पाकिटाला ताठपणा यावा म्हणून आत घातलेला जाड कागदाचा तुकडा हा या कार्डांचा पूर्वज होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन तंबाखू कंपन्यांनी त्या तुकड्यावर नटी, खेळाडू इत्यादिकांची चित्रे छापण्यास आरंभ केला. पुढे तंबाखूची जागा चघळण्याच्या गमने घेतली. १९३३ मध्ये बॉस्टनच्या गाउडी कंपनीने गमच्या वडीबरोबर बेसबॉल खेळाडूंची कार्डे दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर बोमन आणि ब्रुकलिनची टॉप्स या दोन कंपन्यांत चढाओढ चालली, ती १९५६ मध्ये टॉप्सने बोमन विकत घेतल्यावर थांबली. मुलाने नाणे द्यावे, पुडी घ्यावी, दुकानाच्या पायरीवरच ती फाडावी, गम तोंडात टाकावा आणि कार्डे मित्रांशी अदलाबदलीसाठी खिशात ठेवावी, असा हा क्रम होता. म्हणजे पुडी ही उघडण्यासाठीच बनलेली वस्तू. जी उघडली गेली नाही ती कोणी जपली म्हणून राहिली असे क्वचितच घडले. बहुधा ती खपली नाही, गोदामात पडून राहिली, विसरली गेली, म्हणून राहिली. न खपलेला मालही पुष्कळदा नष्टच होई. टॉप्सच्या १९५२ च्या प्रसिद्ध मालिकेची रचना ज्यांनी केली त्या साय बर्गर यांनी स्वतःच पुढे सांगितले की, त्या मालिकेचा उरलेला साठा त्यांनी १९६० मध्ये बोटीवर चढवून अटलांटिक महासागरात टाकून दिला. त्याच मालिकेतील मिकी मँटल या खेळाडूचे एक उत्कृष्ट कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले.

तथापि केवळ जुनेपणामुळे पुडीला मोल येते, ही समजूत चुकीची आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात कार्डांना पुढे किंमत येते हे लोकांना कळून चुकले. कंपन्यांनी अफाट संख्येने कार्डे छापली व लोकांनी ती पेट्याच्या पेट्या राखून ठेवली. परिणाम असा की १९९० च्या आसपासच्या बहुतेक पुड्या आज पस्तीस वर्षांच्या होऊनही क्षुल्लक किमतीस मिळतात. संग्राहक त्या काळाला 'रद्दी मेणाचा काळ' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

या नावातील 'मेण' हा शब्द लक्ष देण्याजोगा आहे. जुन्या पुड्या मेण चढविलेल्या कागदाच्या असत, म्हणून इंग्रजी भाषिक व्यापारी त्यांना 'वॅक्स पॅक' म्हणत. पुढे मेणकागद गेला, प्लास्टिकचे व धातूच्या वर्खाचे वेष्टन आले. पण 'वॅक्स' हा शब्द राहिला, आणि आज तो न उघडलेल्या कोणत्याही कार्डमालाला लावला जातो. तिळापासून निघे ते तेल, मग शेंगदाण्याचेही तेलच आणि शेवटी खनिज तेलही तेलच, अशी जी अर्थविस्ताराची वाट मराठीत परिचित आहे तीच येथेही दिसते. नवख्या खरेदीदाराने मात्र त्यातील धोका ओळखावा : 'वॅक्स' म्हणून विकली जाणारी प्रत्येक वस्तू मेणकागदाची नसते, आणि वेष्टनाचा प्रकार बदलला की फसवणुकीची रीतही बदलते. मेणकागदी पुडीखेरीज आणखी दोन प्रकार प्रमुख होत. पारदर्शक सेलोफेनमध्ये बांधलेली 'सेलो' पुडी, जिच्यातील वरचे व खालचे कार्ड बाहेरून दिसते. आणि दुकानात खुंटीला टांगण्याची तीन कप्प्यांची 'रॅक' पुडी, जिच्यात अशी दर्शनी कार्डे अधिक असतात. पुड्या ज्या दर्शनी पेटीत मांडल्या जात तिला पुढे 'पेटी' व पेट्या ज्या मोठ्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात कारखान्यातून निघत त्याला 'खोके' म्हटले आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ या. कॅनडातील लंडन, ओंटारिओ येथील ओ-पी-ची कंपनीने १९७९–८० च्या हंगामासाठी आइस हॉकी खेळाडूंची ३९६ कार्डांची मालिका काढली. तीत १८ क्रमांकाचे कार्ड वेन ग्रेट्स्की या खेळाडूचे पदार्पणाचे कार्ड होते. सस्कॅचेवान प्रांतातील रेजायना शहरी एका कुटुंबाच्या घरात या मालिकेचे एक संपूर्ण न उघडलेले खोके सापडले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते लिलावात ३७ लाख २० हजार डॉलरला गेले. खोक्यात १६ पेट्या, पेटीत ४८ पुड्या, पुडीत १४ कार्डे. एकूण १०,७५२ कार्डे. प्रत्येक कार्ड सारख्याच संख्येने छापले गेले असे धरल्यास त्यात ग्रेट्स्कीची सुमारे २७ कार्डे असावीत. पुडीमागे दर पडला जवळजवळ ४,८४४ डॉलर, आणि ग्रेट्स्की मिळण्याचा संभव सुमारे अठ्ठावीस पुड्यांत एक.

या आकड्यांशेजारी दुसरा एक आकडा ठेवला म्हणजे या बाजाराचे मर्म कळते. याच मालिकेतील ग्रेट्स्कीचे एकच कार्ड, ज्याला प्रतवारी करणाऱ्या कंपनीने दहापैकी दहा अशी सर्वोच्च प्रत दिली होती, ते २०२१ मध्ये ३७ लाख ५० हजार डॉलरला विकले गेले. त्या प्रतीची तोवर दोनच कार्डे नोंदलेली होती. एक उघडे कार्ड व सत्तावीस झाकलेली कार्डे यांची किंमत जवळजवळ एकच! याचे कारण ओ-पी-चीच्या कारखान्यात होते. तेथे कार्डे तारेने कापली जात, म्हणून त्यांच्या कडा खरबरीत राहत; चित्रही पुष्कळदा मध्यभागी बसत नसे. पुडी न उघडलेली आहे याचा अर्थ आतील कार्ड निर्दोष आहे असा मुळीच होत नाही. कारखान्यातच जन्मलेला दोष सीलबंद अवस्थेत तसाच सुरक्षित राहतो. त्याखेरीज गमला चिकटलेल्या कार्डावर डाग पडतो, आणि कागदाच्या घडीला टेकलेल्या कार्डावर मेण उतरते, ते वेगळेच. खोक्याची किंमत सत्तावीसने भागली तर ग्रेट्स्कीच्या एका कार्डाला सुमारे १ लाख ३८ हजार डॉलर पडतात. मध्यम प्रतीच्या कार्डाला याच्या जवळपासही किंमत येत नाही. तेव्हा इतके मोल देणारा एक तर त्या सर्वोच्च प्रतीच्या कार्डाचा जुगार खेळत असतो, नाही तर न उघडण्यासाठीच खोके घेत असतो.

येथपर्यंतचा हिशेब सरळ आहे. पण तो सर्वस्वी एका गृहीतावर उभा आहे, ते म्हणजे खोके खरोखरच कधी उघडले गेलेले नाही. मराठीत 'बंद पुडी' आणि 'न उघडलेली पुडी' हे दोन प्रयोग वरवर समानार्थी वाटतात, परंतु तसे ते नाहीत. 'बंद' हे विशेषण वस्तूची आजची स्थिती सांगते. 'न उघडलेली' हे तिचा पूर्वेतिहास सांगते. उघडून पुन्हा चिकटविलेली पुडी बंद असते, पण न उघडलेली नसते. खरेदीदाराच्या डोळ्यांस दिसते ती स्थिती, आणि तो पैसे मोजतो इतिहासाचे. या व्यापारातील बहुतेक सर्व लबाडी या दोहोंच्या फटीत राहते. विक्रेत्यांच्या इंग्रजी जाहिरातींतही 'सील्ड' व 'अनओपन्ड' हे शब्द एकमेकांऐवजी सर्रास वापरलेले आढळतात. कित्येकदा ते अजाणतेपणी होत असेल. परंतु खरेदीदाराने तरी कोणता शब्द कशाची हमी देतो हे निरखून घेतले पाहिजे.

मेणकागदाची पुडी बंद करण्याची रीत साधी असे. कार्डे व गमची वडी मध्ये ठेवून कागदाच्या कडा पाठीमागे एकमेकींवर दुमडावयाच्या आणि वर उष्णता देऊन दाबावयाचे, की मेण वितळून कडा चिकटत. जे उष्णतेने चिकटते ते उष्णतेने सुटतेही. त्यामुळे कडा अलगद उचलून, हवे ते कार्ड काढून, त्या जागी बिनमोलाचे कार्ड घालून पुन्हा इस्त्री फिरविणे हे फारसे अवघड काम नाही. १९८६ च्या फ्लीअर कंपनीच्या बास्केटबॉल पुड्यांच्या बाबतीत ही चलाखी फार झाली. त्या मालिकेत मायकेल जॉर्डनचे कार्ड आहे. मालिका १३२ कार्डांची व पुडीत १२ कार्डे, म्हणजे अकरा पुड्यांत एक जॉर्डन, इतका मोह जवळ होता. जाणकार अशा वेळी पहिल्या घडीशेजारी दुसरी, किंचित सरकलेली घडी दिसते का ते पाहतात. मेणाची चकाकी घडीच्या बाहेर पसरली आहे का, कागद कार्डांभोवती सैल पडला आहे का, गमची वडी बोटाला एकाच जागी लागते का, हेही पाहतात. जुना गम ठिसूळ होऊन मोडतो हे स्वाभाविक आहे. पण त्याचे तुकडे पुडीभर फिरत असतील, अथवा तो मुळीच लागत नसेल, तर शंकेस जागा आहे. (टॉप्सने बेसबॉलच्या पुड्यांतून गम देणे १९९२ पासून बंद केले, तेव्हा त्या वर्षाच्या पुडीत गम नसणे हा दोष नव्हे. वर्षावर्षाचा तपशील ठाऊक असणे म्हणजे काय, ते यावरून कळावे.)

गंमत अशी की सर्वांत सबळ पुरावा पुडीच्या आतच असतो. गमचा डाग नेमका गमला टेकलेल्याच कार्डावर आहे, मेणाचा ठसा घडीच्या बाजूच्याच कार्डावर आहे, सगळ्या कार्डांचा क्रम कारखान्याच्या क्रमाशी जुळतो, या गोष्टी पुडी खरी असल्याचे जवळजवळ सिद्धच करतात. पण त्या दिसतात तेव्हा विकण्याजोगे काही उरलेले नसते.

ताम्रपटांच्या संपादकांना याच जातीच्या अडचणीचा अनुभव आहे. पत्रे ज्या कडीत ओवलेले असतात ती कडी हाती आली तेव्हा अखंड होती की आधीच कापलेली होती, याची नोंद ते आवर्जून करतात. कडी कापलेली असेल तर पत्रा बदलला गेल्याची शक्यता राहते, आणि राजमुद्रा खरी असली तरी पत्र्यावरील मजकुराविषयी ती काही सांगत नाही. फरक इतकाच की कडी कापून मजकूर वाचल्याने ताम्रपटाचे मोल वाढते, पुडीचे मात्र संपते.

मेणकागद सोडून अन्य प्रकारांकडे वळले म्हणजे प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे पुडी न उघडताही आतील गोष्ट कळू शकते. सेलो पुडीत वर नामांकित खेळाडू दिसत असेल तर तिला कितीतरी अधिक किंमत येते. साहजिकच साध्या पुडीत वरचे कार्ड बदलून नवे सेलोफेन चढविण्याचा उद्योगही चालतो. १९९९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या पोकेमॉनच्या पहिल्या मालिकेची कथा निराळी आहे. तिच्या पुडीत ११ कार्डे असत, आणि सुमारे तीन पुड्यांत एकीत चमकत्या वर्खाचे दुर्मिळ कार्ड असे. वर्खामुळे ते कार्ड किंचित जड. म्हणून सूक्ष्म तराजूवर पुड्या तोलून 'जड' पुड्या वेगळ्या काढणे शक्य झाले. वजनातील फरक ग्रॅमच्या अंशाचाच, पण तो पुरतो. तिसरा मार्ग क्रमाचा. यंत्राने कार्डे ठरावीक क्रमाने लावली असतील, तर पेटीतील काही पुड्या उघडून पाहणारा उरलेल्या पुड्यांत काय असेल याचा अंदाज बांधू शकतो.

या तिन्ही प्रकारांत सील शाबूत असते. 'ही पुडी कधी उघडली गेलेली नाही' हे विधान पूर्ण सत्य असते, आणि तरीही खरेदीदार फसतो. कारण त्याने पुडीबरोबर सर्वांचे समान अज्ञानही विकत घेतले असे तो समजत होता. विक्रेत्याला अधिक ठाऊक आहे अशा बाजारात वाईट माल चांगल्याला हुसकावून लावतो, असे जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले होते. पोकेमॉनच्या सुट्या पुड्यांना हे फारच चपखल लागू पडते. जड पुड्या तोलून उघडल्या जातात अथवा जड म्हणूनच विकल्या जातात. काही न सांगता सुटी विकली जाणारी पुडी हलकी असण्याचाच संभव अधिक.

म्हणून तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राचा आधार घेण्याची पद्धत रूढ झाली. तज्ज्ञ पुडी तपासतो, ती कठीण पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणात बंद करतो व वर चिठ्ठी लावतो. पेट्यांच्या बाबतीत तर एक विपरीत गोष्ट आढळते. मेणकागदाच्या काळातील दर्शनी पेट्यांना कारखान्यातून बाहेरचे वेष्टन बहुधा नसेच. झाकण नुसते खोचलेले असे. आज त्या पेट्यांवर जे घट्ट प्लास्टिक दिसते ते तपासणाऱ्याने आपल्या काळात चढविलेले असते. अर्थात ते सील पेटीच्या पूर्वेतिहासाविषयी स्वतः काही सांगत नाही. 'मी पाहिली तेव्हा ती ठीक वाटली' एवढेच तपासणाऱ्याचे मत ते गोठवून ठेवते.

मराठीत अशा मतभेदांसाठी क्रियापदाची रूपे व अव्यये सज्ज आहेत. 'उघडलेली नाही', 'उघडलेली नसावी' आणि 'उघडलेली नाही म्हणे' या तीन वाक्यांतील वस्तुस्थिती एकच, पण बोलणाऱ्याची जबाबदारी वेगवेगळी. पहिल्यात तो स्वतः साक्षीदार असतो, दुसऱ्यात अनुमान करतो, तिसऱ्यात दुसऱ्याचे बोलणे पोचवतो. तज्ज्ञाचे प्रमाणपत्र ही 'नसावी' या कोटीतील गोष्ट असते. बाजारात हात बदलता बदलता ती 'नाही' होते. असे झाल्यावर काय घडते याचे उदाहरण जानेवारी २०२२ मध्ये जगापुढे आले. लोगन पॉल या अमेरिकन प्रसिद्ध व्यक्तीने पोकेमॉनच्या पहिल्या आवृत्तीच्या सहा पेट्यांचे सीलबंद खोके ३५ लाख डॉलरला घेतले होते. खोके तज्ज्ञांनी आधी प्रमाणित केलेले होते. शंका आल्यामुळे ते उघडण्यात आले तेव्हा आत पोकेमॉनचे एकही कार्ड नव्हते. निघाली ती जी. आय. जो या खेळण्यातील सैनिकाची कार्डे. खोक्याच्या बाहेरून जे दिसले त्यावरून आतले अनुमान केले गेले होते, आणि ते अनुमान प्रत्यक्ष साक्षीच्या भावाने विकले गेले होते.

रेजायनाच्या खोक्याला जो विश्वास लाभला तो निव्वळ चिकटपट्टीमुळे नव्हे. ते एका घरात, मालाच्या मूळ देशातच, पूर्ण स्वरूपात सापडले होते. त्याचे हस्तांतर थोडे झाले होते, आणि ज्यांच्याकडे ते होते त्यांची साक्ष उपलब्ध होती. उत्खननात वस्तूपेक्षा ती सापडल्याचा थर पुष्कळदा अधिक बोलका ठरतो, तसेच हे आहे. याच कारणाने अनुभवी संग्राहक सुट्या पुडीपेक्षा पेटीतून समोर काढलेली पुडी, आणि सुट्या पेटीपेक्षा सीलबंद खोक्यातून निघाल्याची नोंद असलेली पेटी पसंत करतात, व त्यासाठी अधिक पैसे देण्यास कुरकुर करीत नाहीत. मूळ एककापासून वस्तू जितकी दूर तितक्या मधल्या हातांच्या साक्षी अधिक लागतात. आणि त्या साक्षी बहुधा नसतातच. ज्याला थोडक्या पैशात ही हौस करावयाची आहे त्याने नामांकित मालिकांच्या सुट्या पुड्यांच्या मागे न लागता, जिची बनावट करण्याचा कोणालाच मोह होणार नाही अशी साधी मालिका निवडावी. तेथे 'न उघडलेली' हे विशेषण जवळजवळ नेहमीच खरे असते, कारण खोटे बोलण्यात कोणाचाच लाभ नसतो.

पुडी हाती आल्यावर करावयाचे काम थोडे, पण पुष्कळजण ते टाळतात. आवरणात घालण्यापूर्वी तिचे वजन घ्यावे, दोन्ही बाजूंची व विशेषतः मागील घडीची छायाचित्रे काढावीत, आणि विक्रेत्याने कोणते शब्द वापरले ते त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवावे : 'बंद' म्हटले की 'न उघडलेली', स्वतः खोक्यातून काढली म्हटले की पूर्वीच्या मालकाने तसे सांगितले म्हटले. पुढचा ग्राहक प्रथम हेच विचारणार असतो.